डॉक्टर, एखादं टॉनिक लिहून द्या!

जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सायंकाळची ओपीडी संपत आली होती, कंपाउंडर शटर अर्धे ओढण्याच्या बेतात होता, तेवढ्यात एक शिक्षिका आल्या. ओळखीच्या. त्यांच्या दोन्ही मुलांच्या लसी माझ्याच दवाखान्यात झालेल्या. वय बेचाळीस. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी रोज बावीस किलोमीटर जायचे आणि बावीस किलोमीटर यायचे, तेही स्कूटीवरून. खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "डोकं फार दुखतं, मॅडम. अंगात त्राणच राहिलं नाही. एखादं टॉनिक लिहून द्या, म्हणजे परीक्षेपर्यंत निभेल."

टॉनिक हा शब्द ऐकला की मी पेन खाली ठेवते. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझा अनुभव असा आहे, की थकलेली बाई टॉनिक मागते तेव्हा तिला बाटलीपेक्षा वेगळेच काही सांगायचे असते. (आणि त्या बाटल्यांमध्ये किमतीइतका गुण क्वचितच असतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

रक्तदाब पाहिला, १४८/९४. पंधरा मिनिटे बाकावर स्वस्थ बसवून पुन्हा पाहिला, १४०/९०. खालच्या पापणीचा आतला भाग पांढरट. डोकेदुखीची गोळी रोज एक, कधी दोन. झोप किती, भूक कशी, पाळी कशी, हे नेहमीचे प्रश्न चालले होते. मध्येच मी सहज विचारले, "शाळेत काय म्हणतात मुलं?"

बाई गप्प झाल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "परवा एका पोराला पट्टीने मारलं, मॅडम. तिसरीतला आहे. गृहपाठ केला नव्हता, एवढंच. हातावर वळ उठला. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. आणि मला काहीच वाटलं नाही. पूर्वी कुणाला रागावले तरी रात्री झोप लागायची नाही. आता काही वाटतच नाही, याची भीती वाटते."

मी आधी त्या मुलाच्या हाताची चौकशी केली. बोटे नीट हलतात, दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, पाटीवर लिहिले, हे ऐकून बरे वाटले. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला मारण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे, हे बाईंना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. ते पुन्हा ऐकवण्यात अर्थ नव्हता. पण "जाऊ द्या हो, होतं असं," म्हणणेही मला पटेना. थकल्या बाई होत्या, वळ मात्र त्या मुलाच्या हातावर उठला होता.

तेल संपले की वात जळते

हे 'काहीच न वाटणे' वैद्यकशास्त्राला अनोळखी नाही. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्याविषयी लिहिताना 'बर्नआउट' हा शब्द वापरला. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस आणि संध्याकाळी गरिबांच्या मोफत दवाखान्यात काम, असा त्यांचा क्रम होता. तिथे सर्वांत तळमळीने राबणारे कार्यकर्तेच काही काळाने चिडचिडे, कोरडे, कडवट होतात असे त्यांना दिसले. ते स्वतःही त्यातून सुटले नाहीत. आपल्याकडे समई लावणाऱ्या कोणत्याही बाईला हे सांगावे लागत नाही. तेल आहे तोवर तेल जळते, तेल संपले की वात.

पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये याची मोजपट्टीच तयार केली. तीन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या. पहिली, मनाचा संपूर्ण थकवा. रात्रभर झोपूनही सकाळी उठवत नाही. दुसरी, समोरचे माणूस माणसासारखे न वाटता काम वाटू लागते. पटावरचा एक आकडा, भरवायचे एक तोंड. तिसरी, आपण करतो त्याचा काही उपयोग नाही अशी भावना. आमच्या शिक्षिकाबाई पहिल्या पायरीवरून दुसरीवर उतरल्या होत्या, आणि उतरताना त्यांचे त्यांनाच ते दिसले, हे त्यांचे नशीब.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्यात घरी मुले सांभाळणे धरलेले नाही. ज्या बाईला चोवीस तास तेच काम, तिचे काम कामात मोजायचे नाही, ही जुनीच रड आहे. बेल्जियममधल्या इसाबेल रोस्कम आणि मोइरा मिकोलाय्चाक या दोघींनी मात्र आईवडिलांच्या अशाच थकव्याचा खास अभ्यास केला. ४२ देशांत केलेली त्यांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे ज्याने त्याने आपापले पाहावे अशी समाजाची रीत आहे, तिथे आईबाप अधिक करपतात असे त्यात आढळले. यावर आपण लगेच एकत्र कुटुंबाचे गोडवे गाऊ नयेत. घरात माणसे सात आणि राबणारे हात दोनच असतील, तर ते कुटुंब एकत्र असून त्या दोन हातांना काय उपयोग?

मी केसपेपर उलटा केला आणि म्हटले, "बाई, सकाळी उठल्यापासून सांगा, मी लिहिते."

पावणेपाचला उठणे. नळाला पाणी येते त्या दिवशी त्याच्याही आधी. सासूबाईंना अर्धांगवायू झालेला, त्यांचे तोंड धुणे, कपडे, चहा. चार डबे. धाकटीची वेणी, तिची बस. बावीस किलोमीटर. शाळा दोन शिक्षकांची आणि वर्ग चार. दुसरे गुरुजी मतदार यादीच्या कामाला गेले की चारही वर्ग यांच्याकडे. पोषण आहाराच्या नोंदी, त्यात मोबाइलवर 'आजच्या आज माहिती भरा' असे निरोप. पुन्हा बावीस किलोमीटर. भाजी, स्वयंपाक, मोठ्याचा अभ्यास, सासूबाईंची मालिश. रात्री अकरापर्यंत राहिलेली माहिती भरणे. साडेअकराला आडवे होणे. झोप हिशेबाने सव्वापाच तास, आणि त्यातही सासूबाई एकदा तरी हाक मारणार. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. बाई रोज पावणेदोन तासांच्या कर्जात होत्या.

"यात तुमचा एकटीचा वेळ कोणता?" मी विचारले.

बाईंनी बराच विचार केला. "स्कूटीवर असते तेव्हा. हेल्मेट घातलं की कुणी बोलत नाही."

आता अशा बाईला डॉक्टरने काय सांगावे? छंद जोपासा, पहाटे उठून योगासने करा, आनंदी राहा, रोज डायरी लिहा. मीसुद्धा पूर्वी हे सारे सांगत असे, या सदरातूनही सांगितले आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट चांगलीच आहे. पण थकलेल्या माणसाला सांगितली की ती आणखी एक काम होऊन बसते, आणि जमले नाही की 'आपल्याला तेवढेही होत नाही' ही खंत वर. हमालाच्या पाठीवरचे पोते तसेच ठेवून त्याला पाठीचे व्यायाम शिकवावेत, तशातली ही गत. म्हणून आता मी उलट्या टोकाने सुरुवात करते. आधी काय उतरवता येईल ते पाहायचे. काय वाढवायचे ते मागाहून.

शरीराचे मात्र पहिल्याच दिवशी पाहिले. मन थकले असे म्हणून रक्त न तपासणे ही आमची, डॉक्टरांची, चूक असते. बाईंचे हिमोग्लोबिन ९.१ निघाले, १२ च्या खाली गेले की रक्तक्षय. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना तो आढळला होता. तेव्हा चिडक्या म्हणून बदनाम झालेल्या कितीतरी आया आणि बाई मुळात रक्त कमी असलेल्या असतात. थायरॉइड ठीक होता. लोहाच्या गोळ्या दिल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. डोकेदुखीच्या गोळ्या बंद केल्या, कारण त्या वरचेवर घेतल्या की गोळीनेच डोके दुखू लागते. रक्तदाबासाठी लगेच औषध न देता दर आठवड्याला तपासायचे ठरवले.

आणखी दोन प्रश्न मी अशा प्रत्येकाला विचारतेच. गेले दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास असते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही गोडी वाटेनाशी झाली आहे का? आणि उत्तर 'हो' आले तर तिसरा, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का? असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. बाईंच्या बाबतीत तिसऱ्याचे उत्तर 'नाही' होते.

यजमानांना बोलावले

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या यजमानांना बरोबर यायला सांगितले. सज्जन माणूस. पतसंस्थेत नोकरी, निर्व्यसनी, सहाला घरी. केसपेपरची मागची बाजू त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"मी मदत करतोच की, मॅडम."

"सासूबाई कुणाच्या आई?" मी विचारले.

ते जरा ओशाळले. मला वाद घालायचा नव्हता. मी एवढेच म्हटले, की यातल्या कोणत्या दोन ओळी तुमच्या नावावर लिहू ते सांगा. मदत म्हणून नव्हे, कायमच्या. त्यात चूक झाली तर बोलणी तुम्ही खायची, आठवण ठेवायची तीही तुम्हीच. त्यांनी आईची रात्रीची मालिश आणि औषधे घेतली, आणि मुलाचा अभ्यास. रात्री आठ ते नऊ हा तास बाईंचा ठरला. गच्चीवर जाऊन नुसते बसा, मी सांगितले, काही 'करू' नका.

पंधरा दिवसांनी रक्तदाब पाहायला आल्या तेव्हा मी विचारले, तर कळले की पहिला आठवडाभर त्या गच्चीत बसून मोबाइलवर शाळेची माहिती भरत होत्या! सवय अशी असते. मग मोबाइल त्या तासापुरता फडताळात ठेवायचे ठरले. दुसऱ्या आठवड्यात गच्चीत बसल्या बसल्या रडू आले, का ते कळले नाही. मी म्हटले, ठीक आहे, येऊ द्या. ज्यांना काहीच वाटत नव्हते त्यांना काहीतरी वाटू लागले होते. आम्हा डॉक्टरांच्या भाषेत, बधिर हाताला मुंग्या येऊ लागल्या होत्या.

शाळेसाठी एक साधा उपाय सांगितला. हात उठणार असे वाटले की पट्टी टेबलावर ठेवायची, 'वाचा पुढचं पान' म्हणायचे आणि वर्गाबाहेरच्या माठापर्यंत चालत जायचे. भांडेभर पाणी पिऊन, चारपर्यंत मोजत श्वास घ्यायचा आणि सहापर्यंत मोजत सोडायचा, असे दहा वेळा. श्वास सावकाश सोडताना हृदयाचा वेग मंदावतो. त्यात गूढ काही नाही, शरीरातल्या व्हेगस नावाच्या नसेचे ते काम आहे. घरी आईवडिलांनाही हेच. मूल सुरक्षित ठिकाणी असेल, तर दोन मिनिटे स्वयंपाकघरात जाऊन उभे राहण्याने मुलाचे काही बिघडत नाही. बिघडते ते त्या दोन मिनिटांत तिथेच उभे राहिल्याने.

इतके शहाणपण मी सांगते आहे, तेव्हा माझे स्वतःचेही सांगितले पाहिजे. २००६ साली चिकुनगुन्याची साथ आली होती, वाचकांना आठवत असेल. घरटी माणूस सांधे धरून बसला होता. दिवसाला सव्वाशे पेशंट पाहून मी रात्री दहाला घरी जात असे. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. एका रात्री त्याने ताटातले वरण सांडले आणि मी त्याला थोबाडीत मारली. ते तर मी विसरूनही गेले होते. महिन्याभराने आमच्याकडे कामाला असलेल्या मावशी म्हणाल्या, "बाई, रागावू नका, पण तुमची गाडी वाजली की लेकरू खेळणं पलंगाखाली सारतंय."

माझ्या स्कूटरचा आवाज हा माझ्या मुलासाठी धोक्याचा भोंगा झाला होता. दिवसभर मी लोकांची लेकरे गोंजारत होते आणि घरी शिल्लक काही नेत नव्हते. त्यानंतर मी रविवारची ओपीडी बंद केली. घरची मिळकत थोडी घटली, दोन-चार पेशंट कायमचे तुटले. आणि शेवटचा पेशंट गेल्यावर दिवा बारीक करून दहा मिनिटे दवाखान्यातच बसू लागले. कंपाउंडरला वाटे, मॅडम हिशेब करतात. ती सवय आजही आहे. मुलाने खेळणी पलंगाखाली सारणे थांबवायला मात्र दिवाळी उजाडावी लागली.

विळीची जखम

मनाच्या थकव्याचा शरीराशी संबंध किती खोलवर असतो याचे एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, नऊ वर्षांच्या मुलाची आई. मूल चालत नाही, बोलत नाही, भरवावे लागते, उचलून न्यावे लागते. या आईच्या बोटाला विळी लागली. महिना होत आला तरी जखम भरेना. साखर तपासली, ठीक. पाण्यात हात घालू नका म्हटले तर हसल्या. कोण कामे करणार? एका पेशंटवरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि रोज ओल्या होणाऱ्या जखमेला दुसरे कारण शोधायलाच नको. पण मला आठवले ते ओहायो स्टेट विद्यापीठातले संशोधन. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते प्रसिद्ध केले. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया, अशा दोघींच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

२००४ मध्ये तर सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दीर्घ आजारी मुलांच्या आयांचाच अभ्यास झाला. आपल्या पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांना बुटाच्या नाडीच्या टोकावर असते तसे टोपण असते, त्याला टेलोमिअर म्हणतात. वयाबरोबर ते आखूड होते. ज्या आया अधिक वर्षे शुश्रूषा करीत होत्या त्यांचे टेलोमिअर अधिक आखूड दिसले. एलिसा एपेल यांच्याबरोबर या अभ्यासात असलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना पुढे २००९ मध्ये टेलोमिअरवरील कामासाठीच नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे 'मुलाच्या काळजीने बाई झिजली' असे आपल्या आज्या म्हणत त्यात अतिशयोक्ती नव्हती.

या आईचे ओझे उतरवणे सर्वांत कठीण. मूल बरे होणार नाही आणि नोकरीसारखी याला निवृत्तीही नाही. पण दोन गोष्टी झाल्या. त्यांच्या मुलाच्या विशेष शाळेत जाणाऱ्या आणखी दोन मुलांच्या आयांशी त्यांची गाठ पडली, आणि तिघींनी आठवड्यातले तीन दिवस वाटून घेतले. एकीने तिन्ही मुलांजवळ दोन तास बसायचे, दोघींनी सुटायचे. बाजाराच्या दिवशी ही आई पहिल्यांदा एकटी भाजी घ्यायला गेली, आणि सांगत होती की रिकाम्या कडेने चालताना तोल गेल्यासारखे वाटले. दुसरी गोष्ट कागदाची. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद आहे. घरात असे मूल असेल तर चौकशी जरूर करा. कागदांची ही धावपळ आईच्या गळ्यात न घालता काकाने, मामाने, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने करावी. 'आमच्यासारखं काही काम असेल तर सांगा' असे म्हणणाऱ्यांसाठी हेच ते काम.

काही वेळा मात्र एवढ्याने भागत नाही. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटणे, मुलाला आपल्या हातून इजा होईल अशी भीती सतत वाटणे, दारूने किंवा झोपेच्या गोळीनेच रात्र निभणे, बाळंतपणानंतर बाळाकडे पाहवेसेच न वाटणे. यांपैकी काही असेल तर गच्ची आणि माठ यांवर विसंबू नका. डॉक्टरांना गाठा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेलिमानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येते. बापांनो, हे तुमच्यासाठीही आहे. पुरुष दवाखान्यात टॉनिक मागत नाहीत, ॲसिडिटीची गोळी मागतात, एवढाच फरक.

पुन्हा आमच्या शिक्षिकाबाई. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांनी मला विचारले, "त्या पोराचं काय करू? त्याची माफी मागावी का? वर्गात धाक राहील?"

मी त्यांना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रयोगाविषयी सांगितले. १९७० च्या दशकातला तो प्रयोग. आई बाळाशी हसत-खेळत असते. मग तिला दोन मिनिटे चेहरा दगडासारखा निर्विकार ठेवायला सांगतात. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, आणि काहीच मिळेना तेव्हा कळवळते, तोंड फिरवते. लोकांना प्रयोगाचा एवढाच भाग माहीत असतो. पण ट्रॉनिक यांनी पुढे दाखवले ते मला अधिक मोलाचे वाटते. चांगल्या, सुखी माय-लेकरांचेसुद्धा सूर बराच वेळ जुळलेले नसतात; ते पुन्हा पुन्हा जुळवले जातात, आणि मूल त्यातूनच शिकते की तुटलेले जोडता येते. तेव्हा धाकाचे काय व्हायचे ते होवो, माफी मागा.

बाई त्याच्या घरी गेल्या. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो घरांपैकी ते एक घर. आईबाप कारखान्याच्या फडात, पोरगा आजीजवळ. आजी पासष्टीच्या. बरोबर त्याची पहिलीतली बहीण आणि तीन वर्षांचे एक आतेभावंड. गृहपाठ का होत नव्हता ते बाईंना तिथे कळले. शाळेतून आला की पोरगा हातपंपावरून पाणी भरत असे आणि धाकट्यांना खेळवत असे. बाईंनी त्याला सर्वांदेखत सांगितले, "त्या दिवशी माझं चुकलं, पुन्हा असं होणार नाही." तो लाजून दाराआड पळाला. आजींनी काळा चहा केला. बाईंनी गावातल्या हंगामी वसतिगृहात दोन्ही मोठ्या मुलांची नावे घालण्याची खटपट सुरू केली, म्हणजे आजींच्या हातचे तेवढे रांधणे वाचेल. आणि पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या आजींना आणि त्या तिसऱ्या लेकराला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या.

आजी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, लई गळून गेल्यावानी झालंय. एक सलाईन लावा, तरतरी येईल. पन लवकर लावा, घरी लेकरायला कोन बघंल?"

तपासले. रक्तदाब थोडा अधिक, गुडघे सुजलेले, डोळ्यांत झोप मावत नव्हती. तीन वर्षांचे लेकरू रात्री दोनदा उठते, म्हणाल्या. "लेकरायला मी बघते," बाईंनी सांगितले आणि धाकट्याला कडेवर घेऊन बाहेर गेल्या. मी आजींना आतल्या खाटेवर आडवे व्हायला सांगितले. म्हटले, सलाईनचे सामान आणते. पंखा लावला, पडदा ओढला आणि पुढचे पेशंट पाहत बसले. पावणेदोन तासांनी आजी उठून बाहेर आल्या. चेहरा उतरलेला होता तो वर आला होता. दंड चोळत म्हणाल्या, "सुई कवा काढली? काईच कळलं नाई बघा. लई हलका हात हाय तुमचा."

"आजी, सलाईन लावलंच नाही. नुसत्या झोपला होतात."

त्यांनी माझ्याकडे, मग कंपाउंडरकडे, मग बाईंच्या खांद्यावर झोपलेल्या लेकराकडे पाहिले. पदराची गाठ सोडली आणि विचारले, "मग निजायचे किती द्यायचे?"